शिवलेल्या वायरी

माझ्या मामाला लोंबकळणारी वायर बघवत नाही. कुणाकडे गेला की तो आधी टीव्हीच्या मागे वाकून बघतो, मग घरच्यांची चौकशी करतो. मागे वायरींचा गुंता दिसला की त्याच्या चेहऱ्यावर अशी काही कळा येते की घरच्यांना वाटतं, याला बरं वाटत नाहीये. एकदा माझा मोबाइलचा चार्जर त्याच्या तावडीत सापडला. परत मिळाला तो टेबलाच्या पायाला इतका सुरेख बांधून, की मोबाइल चार्ज करायचा तर मला फरशीवर बसावं लागायचं. मी चिडले. तो म्हणाला, "पण दिसतंय किती छान, ते बघ की."

हे वेड त्याला नोकरीने लावलं. मामा टेलिफोन एक्स्चेंजच्या केबलच्या खोलीत होता. तिथे छतापर्यंत गेलेल्या लोखंडी मांडण्या आणि त्यांवरून धावणाऱ्या वायरीच वायरी. त्यांच्या जुड्या मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायच्या, अशी तिथली जुनी पद्धत होती. दर दोन बोटांवर एक गाठ, गाठ नेहमी मागच्या अंगाला, आणि दोरा इतकाच ओढायचा की वायर हलू नये पण दबूही नये. पुढे प्लास्टिकच्या पट्ट्या आल्या. त्या सटकन आवळता येतात, म्हणून बाकीच्यांनी दोरा सोडून दिला. मामाने सोडला नाही. सगळे त्याला ‘शिंपी’ म्हणायचे. चिडवायलाच म्हणायचे, पण कुणी मोठा साहेब पाहणीला आला की त्याला मामाच्या मांडणीसमोर नेऊन उभं करायचे.

मामी त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर चौकशीच्या टेबलावर होती. कुणाचा नंबर हवा म्हणून फोन केला की पलीकडून जो आवाज यायचा तो तिचा. गोड वगैरे मुळीच नाही, खणखणीत. एकदा सांगितलेला नंबर तिला पुन्हा विचारायची लोकांची छाती व्हायची नाही. मामाने तिला आधी ऐकलं आणि मग पाहिलं. तो लाइन तपासत होता आणि ती कुणाला तरी झापत होती. मामा अजून सांगतो, "इतकी स्वच्छ लाइन मी त्याआधी ऐकली नव्हती." लग्न करायला एवढं कारण पुरतं का, असं मी त्याला एकदा विचारलं होतं. तो म्हणाला, "पुरलं की."

पुढे दोघं निवृत्त झाली. माझं घर त्यांच्याच जिन्यावर, एक मजला खाली, त्यामुळे मामीचा आवाज मला आयुष्यभर फुकट ऐकायला मिळाला. सकाळी तिने मामाला पहिली हाक मारली की मला घड्याळ बघावं लागायचं नाही.

मग मामीच्या घशात गाठ निघाली.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. मामी घरी आली आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही. त्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं, आणि मामा नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत होता.

हॉस्पिटलमध्ये बोलण्याचे उपचार करणाऱ्या एक बाई होत्या. मामीने त्यांचं नाव ‘वाचाताई’ ठेवलं होतं. त्यांनी एक मार्ग सुचवला. ऑपरेशनच्या आधी मामीने आपल्या आवाजात भरपूर वाक्यं रेकॉर्ड करून ठेवायची. कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्रॅम ती वाक्यं ऐकून तिचा आवाज शिकतो. नंतर मामीने काहीही टाइप केलं, की कॉम्प्युटर ते तिच्या आवाजात बोलणार. मामीने ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओरडता येईल?" वाचाताई म्हणाल्या, "तुम्ही रेकॉर्डिंगमध्ये जशा बोलाल, तसा तो बोलेल." मामीच्या तोंडावर त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं.

मागच्या खोलीत दाराला गाद्या लावून रेकॉर्डिंग सुरू झालं. ‘आज बाजारात फार गर्दी होती’, ‘मला थोडं पाणी द्या’, ‘तिकडचा दिवा बंद कर’, अशी वाक्यं मामी एकामागून एक म्हणायची. आवाज तेव्हाच थोडा घोगरा झाला होता, पण तोच होता. अट एकच, आजूबाजूला चिडीचूप हवं. ती नेमकी मामाला जमेना. तो खुर्ची सरकवायचा, खोकायचा, पावलं न वाजवता आत यायला जायचा आणि तीच वाजायची. त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये ‘आज बाजारात फार गर्दी’ इथपर्यंत येऊन मधेच ‘अहो, तुम्हाला कितीदा सांगायचं’ सुरू व्हायचं. वाचाताईंनी सगळ्याची एक प्रत मागितली, तेव्हा मामी म्हणाली, "आधी त्यातली भांडणं काढते, मग देते. आमच्या घरातलं तुम्हाला कशाला?"

मला तेव्हाच ते बरं वाटलं नव्हतं. मी मामाला म्हटलं, "प्रत बाहेर कुठेतरी ठेव."

"अगं, आपल्या कॉम्प्युटरमध्ये दोन डिस्क आहेत," तो म्हणाला. "एकीत मूळ, दुसरीत नक्कल. एक गेली तरी दुसरी आहेच."

हे ऐकायला इतकं जबाबदारीचं वाटलं की मी तो विषय सोडून दिला.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मामीने आम्हा दोघांना घराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली. दुपारभर ती एकटी रेकॉर्डिंग करत होती. आम्ही जिन्यात बसलो होतो. ती बाहेर आली आणि म्हणाली, "झालं माझं बोलून." मी विचारलं, "आज कुठली वाक्यं होती?" ती म्हणाली, "त्यांच्या यादीतली नव्हती. माझी होती. आवाज तयार झाला की ऐका." आणि मामाकडे न बघता तिने गॅसवर चहा ठेवला.

ऑपरेशन नीट झालं. मामी हॉस्पिटलमध्ये असतानाच आवाज तयार करून ठेवायचा, ती घरात पाऊल टाकेल तेव्हा तो हजर पाहिजे, असं मामाने ठरवलं. त्याने प्रोग्रॅम सुरू केला. पण कॉम्प्युटर म्हातारा. तो धापा टाकायला लागला आणि थोड्या वेळाने मान टाकून बसला. वाचाताईंनी फोनवर सांगितलं की या कामाला मेमरी जास्त लागते आणि ताकदीचं ग्राफिक्स कार्ड लागतं. ते कार्ड वीज खूप खातं, म्हणून सगळ्या कॉम्प्युटरला वीज पुरवणारा आतला डबा, म्हणजे पॉवर सप्लाय, तोही मोठा बसवावा लागेल. मामाने तिन्ही वस्तू आणल्या. कुणाला तरी बोलाव, असं मी सुचवलं. ज्याने जन्मभर एक्स्चेंज सांभाळलं त्याच्यापुढे हे बोलणं म्हणजे त्याचा अपमानच होता. तो स्क्रूड्रायव्हर शोधायला उठला.

रविवारी सकाळी मी चहा घेऊन वर गेले, तेव्हा कॉम्प्युटर जेवणाच्या टेबलावर आडवा पडला होता. पत्रा काढलेला. आतल्या वायरी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. मामाने कधीतरी फावल्या वेळात त्याही शिवून टाकल्या होत्या. वीजपुरवठ्याच्या डब्यापासून दोन्ही डिस्ककडे जाणारी जुडी कोपऱ्याकोपऱ्याने वळत गेली होती, दर दोन बोटांवर गाठ. खरं सांगते, मलाही ती बघत राहावीशी वाटली.

"याच्यावर माझे दोन रविवार गेलेत," तो म्हणाला.

सगळ्या वस्तू बसवून झाल्या. मामाने हात पुसले, पत्रा न लावताच प्लग जोडला आणि बटण दाबलं. आतला पंखा किंचित थरथरला आणि थांबला. त्याने पुन्हा दाबलं. पुन्हा तेवढीच थरथर, मग काही नाही.

मामा घाबरला नाही. बिघाड शोधणं हे त्याचं आवडतं काम. "एकेक वस्तू काढत जायची आणि बटण दाबत जायचं," तो म्हणाला. "जी काढल्यावर चालू होईल, ती चोर." त्याने नवं कार्ड काढलं. बटण दाबलं, तीच थरथर. नवी मेमरी काढून जुनी लावली, तेच. मेमरीच्या पट्टीची सोनेरी कड त्याने खोडरबराने घासली, फुंकर मारली, पुन्हा बसवली, तेच. मी म्हटलं, "जरा जोरात दाब की." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मी कप उचलून धुवायला गेले.

मी नळाखाली हात धरलाय तोच बाहेरून पंख्याचा छान घुमणारा आवाज आला. धावत आले. पडदा उजळला होता आणि त्यावर अक्षरं होती. मामा हसत होता. मीही हसले. "काय केलंस?" मी विचारलं.

"काही नाही. डिस्ककडे जाणारी वायर डब्यातून काढली."

"मग आता लाव."

त्याने बंद करून ती वायर पुन्हा लावली. पंखा थरथरला आणि थांबला. वायरीची दुसरी टोकं डिस्कमध्येच होती. त्याने पहिल्या डिस्कचा प्लग काढला, दुसरीचा ठेवला. बंद. पहिलीचा लावला, दुसरीचा काढला. बंद. मग त्याने एक डिस्क बाहेर घेऊन तिला नाक लावलं. बराच वेळ तो तसाच हुंगत उभा होता. मग त्याने ती माझ्या नाकाजवळ धरली. करपल्याचा वास येत होता. दुसरीलाही तोच वास होता.

हा वास कशाचा आहे ते मला कळलं नव्हतं, पण त्या दोन डिस्कमध्ये काय आहे ते माहीत होतं. मामीचा घसा आता रिकामा होता. ती वाक्यं पुन्हा रेकॉर्ड करणारं या जगात कुणी नव्हतं.

सोमवारी मी कामावर गेले नाही. बिघडलेल्या डिस्कमधून माहिती काढून देणारी एक बाई बाजाराच्या मागच्या गल्लीत बसते. आम्ही अख्खा कॉम्प्युटर चादरीत गुंडाळून तिच्याकडे नेला. दुकान म्हणजे एक लांब टेबल, त्यावर दिव्याचं मोठं भिंग, आणि भिंतीवर डब्यांमध्ये सुट्या केलेल्या डिस्क. बाईंनी पत्रा काढला आणि त्यांचा हात थांबला.

"अरे वा," त्या म्हणाल्या. "हे कुणी केलं?"

"मीच," मामा म्हणाला. एवढ्या काळजीतही त्याची मान जराशी ताठ झालेली मी पाहिली.

बाईंनी गाठींवरून बोट फिरवलं. बोट जुडीबरोबर वळत वळत वीजपुरवठ्याच्या डब्याशी पोचलं आणि तिथेच राहिलं.

"हा डबा नवा आहे ना?"

"हो. परवाच घेतला."

"मग ही वायर जुनी कशी?"

"चांगली होती," मामा म्हणाला. "मुख्य जाड वायर डब्यालाच जोडलेली होती, ती जुन्याबरोबर काढावी लागली. ही मात्र सुटी होती. नव्या डब्यात बरोबर बसली, म्हणून राहू दिली."

"नव्या डब्याबरोबर त्याच्या वायरी आल्या असतील. त्या कुठे आहेत?"

"पिशवीत. पिशवी फोडलीच नाही. गरज नाही पडली."

बाई खुर्चीवर बसल्या. त्यांनी आवाज अजिबात चढवला नाही, आणि मला तो चढवलेला परवडला असता. डिस्ककडचं टोक सगळीकडे सारखंच असतं, त्या म्हणाल्या, पण डब्याकडच्या टोकाला कुठल्या भोकातून किती वीज यायची हे प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. प्लग मुकाट्याने बसतो. पाच व्होल्ट जायचे तिथे बारा जातात. डिस्क त्याच क्षणी जळते.

मामाचा चेहरा राखेसारखा झाला. "दोन्ही?" त्याने विचारलं.

"दोन्ही एकाच वायरीवर शिवल्यात ना तुम्ही."

माझं डोकं फिरलं. दुकानात दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं, पण मला कशाचं भान राहिलं नाही. मी म्हटलं, "मामा, एक पिशवी फोडायची होती रे. कात्री घेऊन एक पिशवी. नव्या वायरी आयत्या होत्या, जुनी काढायची आणि नवी लावायची, एवढंच होतं. काय अडलं होतं तुझं?"

तो त्या जुडीकडे बघत होता. "उसवायला मन होईना," तो म्हणाला.

मी बाहेर जाऊन पायरीवर बसले. बाईंनी दोन्ही डिस्क ठेवून घेतल्या. बघते म्हणाल्या, पण भरवसा दिला नाही.

तिथून आम्ही थेट हॉस्पिटलमध्ये गेलो. भेटायची वेळ झाली होती. वाटेत मामा म्हणाला, "तिला आज नको सांगायला." मी म्हटलं, "बरं." मलाही धीर नव्हता.

मामी उशीला टेकून बसली होती. गळ्यावर पट्टी, मांडीवर मुलांची असते तसली पांढरी पाटी आणि स्केचपेन. आम्हाला बघताच तिने पाटीवर लिहिलं, ‘आवाज झाला का?’

मामा म्हणाला, "होतोय. वेळ लागतो त्याला."

मामीने मान हलवली. तिने मामाच्या तोंडाकडे पाहिलं, मग हातांकडे. मामाने ते मांडीखाली घातले. तिने पाटी पुसली आणि लिहिलं, ‘काय मोडलंत?’

मग त्याने सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही. नवा डबा, जुनी वायर, न फोडलेली पिशवी, दोन डिस्क, करपलेला वास. मी खिडकीबाहेर बघत होते, कारण तिच्याकडे बघायची माझी हिंमत नव्हती. त्याचं बोलून संपलं तेव्हा मात्र वळून पाहिलं.

मामी ओरडत होती. तोंड पूर्ण उघडलेलं, मान पुढे, कपाळावरची शीर फुगलेली, बोट मामाच्या छातीवर रोखलेलं. आणि आवाज नव्हता. गळ्याच्या पट्टीतून नुसती हवा सुटल्याची फुसफुस आली. सवयीने तिने तोंड उघडलं होतं. आवाज गेलाय हे ती त्या क्षणी विसरली होती. ते तिच्याही लक्षात आलं आणि तिचं बोट तिथेच, हवेत राहिलं. मी खूप काही पाहिलंय, पण तेवढं भयंकर काही पाहिलेलं नाही.

मी पाटी पुढे केली. तिने ती ढकलून दिली. एवढा राग पाटीवर मावणार नव्हता.

मग मामा बोलायला लागला. "‘तुम्हाला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?’" तो म्हणाला. "असंच ना?"

मामीने मान हलवली.

"‘जन्मभर सांगतेय, प्रत्येक गोष्टीत बोट घालू नका.’"

तिने पुन्हा मान हलवली.

"‘माणसापेक्षा दोरा मोठा झाला का तुम्हाला? चार गाठी सोडायला हात मोडले होते?’"

या वेळी तिने जोरात मान हलवली आणि डोळे पुसले. मामा थांबला नाही. तिचे सगळे शब्द, तिची वाक्यं, ती जिथे दम घ्यायला थांबायची तिथला थांबासुद्धा, तो तिच्या वतीने स्वतःला झापत राहिला. सूर चुकला की ती हात उडवायची, आणि तो तेच वाक्य जास्त कडक करून म्हणायचा. शेजारच्या खाटेवरची बाई चकित होऊन बघत होती. नर्स आत आली आणि काही न विचारता परत गेली. मला एवढं रडू येत होतं की मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. तिथेही त्याचा आवाज येत होता.

काही दिवसांनी डिस्कवाल्या बाईंनी बोलावलं. एक डिस्क टेबलावर बाजूला ठेवलेली होती, तिच्यावरचा काळा डाग नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. "ही गेली," त्या म्हणाल्या. दुसरीवर एक तीळभर तुकडा होता, जास्त वीज आली तर आपण जळायचं आणि बाकीच्यांना वाचवायचं, हेच त्याचं काम. तो जळला होता. त्यांनी तो चिमट्याने उचलून टाकला, आणि डिस्क फिरायला लागली. हे ऐकून मामाने टेबलाची कड धरली. मी त्याला खुर्ची दिली.

"पण ही नकलेची डिस्क आहे," बाई पुढे म्हणाल्या. "शेवटची नक्कल ऑपरेशनच्या दोन दिवस आधीची. त्यानंतरचं यात काही नाही."

त्यानंतरचं म्हणजे ती दुपार. आतून कडी लावलेली. मामीची स्वतःची वाक्यं.

मामाने "बरं" म्हटलं. वाचलेल्याचा आनंदही त्याला धड करता येईना.

आवाज तयार व्हायला तेवढी वाक्यं पुरेशी होती. वाचाताईंनी या वेळी आधी प्रत आपल्याकडे घेतली, भांडणांसकट. मामाने डब्याबरोबर आलेली ती पिशवी फोडली, नव्या वायरी लावल्या आणि जळलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली. कॉम्प्युटर पहिल्याच बटणाला सुरू झाला. पण वायरींना त्याने हात लावला नाही. त्या पत्र्याबाहेर आतड्यांसारख्या लोंबत होत्या, म्हणून पत्रा तसाच उघडा राहिला. मग माझ्या लक्षात आलं की इस्त्रीची वायर खुर्चीवरून लोळते आहे. टीव्हीमागे गुंता झालाय. मेणाच्या दोऱ्याचं रीळ त्याने कुठे टाकलं, कुणास ठाऊक. माझा चार्जर मी मुद्दाम त्याच्यासमोर गुंडाळून फेकला, तर तो त्यावरून पाय टाकून गेला. याच वेडावर मी इतकी वर्षं चिडत आले होते, आणि ते गेलेलं मला सोसवेना. घर कुणा दुसऱ्याचं वाटत होतं.

मामी घरी आली त्या दिवशी वाचाताईही आल्या. मामीला कॉम्प्युटरसमोर बसवलं. तिने खोलीभर नजर फिरवली, इस्त्रीकडे पाहिलं, टीव्हीकडे पाहिलं, त्या उघड्या पत्र्याकडे पाहिलं. मग एका बोटाने टाइप करायला लागली. मामा दाराशी उभा होता, हात मागे बांधून. तिने बटण दाबलं.

"अहो, या वायरी अशाच लोंबत ठेवणार आहात का?"

तिचाच आवाज. तीच खणखण, ‘अहो’वरचा तोच झटका. मामा होता तिथेच, उंबऱ्यावर खाली बसला. वाचाताईंनी पाणी आणलं, ते त्याने हातात धरून ठेवलं.

मग तो म्हणाला, "शेवटच्या दिवशी काय बोलली होतीस गं? ते गेलं."

मामीचं बोट अक्षरांवर फिरत राहिलं. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"हेच," तिचा आवाज म्हणाला. "मी बोलेनाशी झाले म्हणून घर गबाळं ठेवू नका."

एवढं एक वाक्य म्हणायला दुपारभर कडी लावून बसावं लागत नाही, हे मला कळतं आणि मामालाही कळलं असणार. त्याने पुढे विचारलं नाही. तिनेही पुढे टाइप केलं नाही. तो उठला, कपाटाच्या तळातून रीळ काढून आणलं आणि कॉम्प्युटरपाशी येऊन थबकला.

"बंद करावा लागेल," तो म्हणाला. "तोवर तुला बोलता येणार नाही."

"चालेल," आवाज म्हणाला. "आधी हात धुऊन या."

त्याने हात धुतले, कॉम्प्युटर बंद केला, भिंतीतला प्लगही काढला. मामी टॉर्च घेऊन त्याच्या शेजारी फरशीवर बसली आणि आत उजेड धरला. तो दोन बोटं मोजत गाठ मारत गेला. मधेच एक गाठ पुढच्या अंगाला आली. मामीने तिच्यावर बोट ठेवलं. मामाने ती उसवली, आणि पुन्हा बांधली.